कोपनहेगन नुसतं बघू नका, वापरा

गेल्या अंकात मी कोपनहेगनमधल्या माझ्या कामाविषयी लिहिलं होतं. जुन्या लाकडी खुर्च्यांच्या झिजलेल्या सीट कागदी दोरीने पुन्हा विणून देणं हे ते काम. त्यावर बरीच पत्रं आली. खुर्च्यांबद्दल थोडी आणि या शहरात फिरायला येण्याबद्दल भरपूर. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

ताई, आम्ही दोघं निवृत्त नवरा-बायको मे महिन्यात चार दिवस येतोय. ट्रॅव्हल कंपनीच्या यादीत जलपरी, न्युहाउनचा कालवा, अमालियनबोर्ग आणि रोसेनबोर्ग हे राजवाडे, गोल मनोरा, स्ट्रॉयेटची बाजारपेठ असं सगळं पहिल्याच दिवशी आहे आणि पुढचे तीन दिवस मोकळे. गुडघे फार चालू देत नाहीत. कसं जमवावं?

यादी चांगली आहे, पण ती चार दिवसांत पसरवा. एका दिवसात ती उरकली तर संध्याकाळी तुम्हाला फक्त बसच्या पायऱ्या आठवतील.

जलपरीचंच घ्या. एडवर्ड एरिकसन या शिल्पकाराची ही १९१३ची ब्राँझ मूर्ती. कार्लस्बर्ग बिअरच्या घराण्यातल्या कार्ल याकोबसेन यांनी जलपरीच्या गोष्टीवरचा बॅले पाहिला, तो त्यांच्या मनात भरला आणि त्यांनी ही मूर्ती करवून शहराला भेट दिली. उंची सव्वा मीटर. लोक बसमधून उतरतात, ‘एवढीशीच?’ म्हणतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही तिथून जवळच असलेल्या कास्टेलेट या चांदणीच्या आकाराच्या जुन्या किल्ल्यावर जा. आत लष्कर अजून राहतं, पण तटबंदीवर कोणीही फिरावं. वर गवत, एक पवनचक्की आणि बसायला बाक आहेत. तिकीट नाही. मे महिन्यात तिथे तासभर नुसतं बसलात तरी दिवस सार्थकी लागेल.

अमालियनबोर्गला पहारा दुपारी बारा वाजता बदलतो आणि चौकात ही गर्दी होते. त्यापेक्षा साडेअकराला रोसेनबोर्गजवळच्या बराकींपाशी उभे राहा. शिपाई तिथूनच निघतात आणि शहरातल्या रस्त्यांवरून चालत जातात. तुम्हाला ते अगदी हाताच्या अंतरावरून दिसतील.

गोल मनोरा तुमच्या गुडघ्यांसाठीच बांधलाय म्हणा ना. राजा चौथ्या क्रिस्टियानने तो १६४२मध्ये पूर्ण केला. आत पायऱ्या नाहीत, विटांचा गोल गोल चढता रस्ता आहे. २०९ मीटर लांब, साडेसात वेढे. १७१६मध्ये रशियाचा झार पीटर त्यावरून घोडा घेऊन वर गेला होता. अगदी शेवटी मात्र थोड्या अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात. त्या नको वाटल्या तर मधल्या खिडक्यांच्या कोनाड्यांत टेका. भिंती पांढऱ्या आहेत आणि वळणागणिक उजेड बदलत जातो. मी पाहुण्यांना नेते तेव्हा माथ्यापेक्षा त्या कोनाड्यांतच जास्त वेळ जातो.

आणि न्युहाउनला कालव्याच्या सहलीचं महागडं तिकीट काढण्याआधी पिवळी हार्बर बस बघा. ९९१ आणि ९९२ या क्रमांकाच्या या बोटी म्हणजे शहराची नेहमीची सार्वजनिक वाहतूक. मेट्रोचं तिकीट यांत चालतं. ऑपेरा हाउस, राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘काळा हिरा’ नावाची काळ्या ग्रॅनाइटची इमारत, नवी वस्ती, सगळं पाण्यावरून दिसतं. शेजारी ऑफिसातून घरी चाललेली माणसं बसलेली असतात. कालव्यांच्या आतल्या भागांत मात्र ही हार्बर बस शिरत नाही. ते बघायचं असेल तर सहलीची बोट घ्या.

मी इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. डॅनिश डिझाइन म्हणून सगळे दुकानांचेच फोटो टाकतात. विकत घेण्याची माझी ऐपत नाही. नीट बघायचं तर कुठे जाऊ?

तुझ्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. दुकानांतही जा, कोणी हाकलत नाही. पण दुकानात खुर्ची नवी असते. खुर्ची कळते ती वापरलेली असताना.

पहिला दिवस डिझाइन म्युझियमला दे. सोमवारी ते बंद असतं, इथली बरीच म्युझियम असतात. इमारत अठराव्या शतकातल्या फ्रेडरिक्स हॉस्पिटलची. तत्त्वज्ञ किर्केगार्ड यांचा १८५५मध्ये शेवट झाला तो इथेच. १९२०च्या दशकात तिचं म्युझियम करण्याच्या कामात कोरे क्लिंट होते. आधुनिक डॅनिश फर्निचरचा पाया घालणारा हा माणूस. शरीराची मापं घ्यायची, वस्तूंची मापं घ्यायची आणि मग कपाट नाहीतर खुर्ची काढायची, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या अंगी भिनवलं.

तिथे हान्स वेग्नर यांची वाय खुर्ची शोध. १९४९ची रचना. पाठीला इंग्रजी ‘वाय’च्या आकाराची फळी, आणि सीट कागदी दोरीची. एका सीटला सुमारे १२० मीटर दोरी लागते. वाकून खालून बघ. विणकर चारी कोपऱ्यांतून आळीपाळीने दोरी आत आणत मध्यापर्यंत येतो. दोरीचा ताण एका फेरीत जरी सैल पडला तरी काही वर्षांनी नेमकी तिथेच सीट झोळते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या खुर्च्यांची पुढची कड आधी जाते, कारण उठताना-बसताना मांडी तिथेच घासते. आपल्या सुंभाच्या बाजेसारखीच ही गोष्ट. विणकाम गेलं तरी चौकट शाबूत असते, आणि पुन्हा विणली की खुर्ची अजून एक पिढी काढते. हे डिझाइन म्युझियमच्या पाटीवर लिहिलेलं नसतं, म्हणून सांगितलं.

पाउल हेनिंगसेन यांचे दिवेही तिथे आहेत. विजेचा बल्ब डोळ्यांत खुपतो, त्यामुळे घरातला उजेड कोरडा वाटतो, असं त्यांना वाटे. म्हणून १९२०च्या दशकात त्यांनी एकाखाली एक तीन छत्र्या अशा हिशेबाने बसवल्या की बल्ब डोळ्यांना थेट दिसतच नाही, फक्त उजेड खाली उतरतो. १९५८चा ‘पीएच ५’ हा पन्नास सेंटिमीटर रुंदीचा दिवा आजही असंख्य घरांत जेवणाच्या टेबलावर, बराच खाली टांगलेला असतो. संध्याकाळी एखाद्या निवासी रस्त्याने चाल. इथले लोक पडदे फारसे ओढत नाहीत. कोणाच्या घरात रोखून बघू नकोस, पण नुसत्या खिडक्यांवरून नजर फिरवलीस तरी कळेल की छताच्या मधोमध एकच भगभगीत दिवा जवळपास कुठेच नाही. खोलीत तीन-चार ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर, लहान लहान उजेड.

दुसरा दिवस बिस्पेबेयर्ग भागातल्या चर्चला. पर्यटक तिथे कमी जातात याचं मला नेहमी वाईट वाटतं. एस-ट्रेन या इथल्या लोकलने एमड्रुपला उतर, तिथून पायी जाता येतं. ग्रुंटविग चर्च. कोरे क्लिंट यांचे वडील येन्सन-क्लिंट यांनी काढलेलं. १९२१ला काम सुरू झालं, १९३०मध्ये वडील गेले, मुलाने १९४०मध्ये पुरं केलं. बाहेरून ते भल्यामोठ्या ऑर्गन वाद्यासारखं दिसतं. आत गेलीस की एकच वस्तू: पिवळी वीट. भिंत विटेची, खांब विटेचे, कमानी विटेच्या, फरशीसुद्धा विटेची. गिलावा नाही, रंग नाही, चित्रं नाहीत. खांबावर तळहात ठेव. विटा घासून गुळगुळीत केल्यात. उंची वाढवणारी प्रत्येक रेघ ही त्या विटांचीच कड आहे.

आणि बसायला लांब बाकांऐवजी सुट्या खुर्च्या, कोरे क्लिंट यांच्याच. बीचचं लाकूड, विणलेली सीट, पाठीमागे मागच्या ओळीतल्या माणसासाठी भजनांचं पुस्तक ठेवायला कप्पा. त्यांच्यावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही, कारण त्या बसण्यासाठीच आहेत. म्युझियममध्ये काचेमागे, चौथऱ्यावर जी वस्तू बघायची ती इथे अंगाखाली मिळते. वही घेऊन जा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा चित्रं काढत बसू नकोस.

पैसे वाचले असतील तर हुम्लेबेकचं लुइझियाना कलासंग्रहालय बघ. १९५८चं. उत्तरेकडे रेल्वेने पाऊण तासाच्या आत. काचेचे लांब बोळ, बाहेर मोठी झाडं आणि पलीकडे समुद्र. चित्रं बघून डोळे थकले की हिरवळीवर बसायचं.

सगळे म्हणतात कोपनहेगनला सायकल चालवाच. मी चाळिशीची आहे, कॉलेजनंतर सायकल धरलेली नाही. चालवावी का?

चालवा, पण पहिल्या दिवशी नको, आणि सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी साडेतीन ते पाच या वेळांत तर मुळीच नको. तेव्हा सायकलमार्गावर ऑफिसला आणि पाळणाघरात निघालेले लोक असतात. पुढच्या पेटीत दोन मुलं बसवलेल्या तीनचाकी सायकली असतात. कोणालाही थांबायला वेळ नसतो.

आधी सायकल नीट पारखा. इथल्या बऱ्याच सायकलींना मागचा ब्रेक हाताशी नसतो, पायात असतो. पॅडल उलटं दाबलं की चाक थांबतं. आपल्याला चढण्याआधी पॅडल उलटं फिरवून जागेवर आणायची सवय. ते इथे जमत नाही. शांत गल्लीत दहा मिनिटं फक्त निघणं आणि थांबणं करा. सीट उंच ठेवून देतात, ती खाली करून घ्या.

आता नियम. वाहतूक उजवीकडून. सायकलमार्गाच्याही उजव्या कडेने चालायचं, मागून येणारा डावीकडून पुढे जातो. दोघींनी गप्पा मारत शेजारी-शेजारी जायचं नाही. थांबण्यापूर्वी हात खांद्याच्या उंचीला वर करायचा. हे विसरू नका, मागचा माणूस त्या हातावरच विसंबून असतो. वळायचं असेल तर त्या बाजूचा हात आडवा.

सगळ्यात महत्त्वाचं डावं वळण. चौकात गाड्यांच्या मधून सरळ डावीकडे घुसणं सायकलला मना आहे. तुम्ही हिरव्या दिव्यावर सरळ समोर जायचं, चौक ओलांडला की पलीकडच्या कोपऱ्यात उजवीकडे थांबायचं, सायकल डावीकडे तोंड करून वळवायची आणि त्या दिशेला मोकळीक मिळाली की निघायचं. एक वळण दोन टप्प्यांत. एकदा कोपऱ्यावर उभं राहून पाच मिनिटं इतरांचं बघा, लगेच ध्यानात येतं.

फुटपाथवर सायकल चालवायची नाही, ढकलत न्यायची. अंधार पडला की पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी तुम्ही घाला असं मी म्हणेन. चालवताना मोबाइल हातात धरायचा नाही. बसमधून उतरणारे प्रवासी थेट सायकलमार्गावर पाय ठेवत असतील तर तुम्ही थांबायचं. बसथांब्याला वेगळा ओटा असेल तर त्यांनी थांबायचं.

रस्ता म्हणाल तर बंदराच्या कडेने जा. नारिंगी रंगाचा वळणदार ‘सायकल-साप’ नावाचा पूल २०१४ला झाला. तो फक्त सायकलींसाठी आहे, घरांच्या पहिल्या मजल्याच्या उंचीवरून पाण्यावर तरंगत जातो. तिथून पुढचा पूल ओलांडला की इस्लान्स ब्रुगे. हे एकेकाळचं घाण बंदर. मैलापाणी बंदरात सोडणं आवरलं, पावसाच्या पाण्यासाठी भूमिगत टाक्या केल्या आणि २००२मध्ये इथे पोहण्याचा पहिला तलाव उघडला, बंदराच्याच पाण्यात. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात, पैसे पडत नाहीत. मुसळधार पाऊस झाला की पाणी पुन्हा स्वच्छ होईपर्यंत तो बंद ठेवतात. ठरवून दिलेल्या जागांखेरीज कुठेही उडी मारायची नाही.

जाता-येता लहान गोष्टींकडे लक्ष असू द्या. काही सिग्नलपाशी सायकलस्वाराला न उतरता पाय टेकता यावा म्हणून लोखंडी दांडी आहे. काही कचरापेट्या सायकलमार्गाकडे कललेल्या आहेत, जाता जाता कागद टाकता यावा म्हणून. या शहराचं देखणेपण मला इथे सापडतं. कोणीतरी उभं राहून माणसं कशी वागतात ते बघितलंय आणि मग दांडी बसवलीय. दमलात तर सायकलसकट एस-ट्रेनमध्ये चढा, तिथे सायकलचं तिकीट लागत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी. तिथे खायचं काय? बरोबर किती न्यावं?

बॅग भरून आणू नका. नोरेपोर्ट स्टेशनला लागून टोर्व्हेहालर्ने हा काचेच्या दोन मंडपांचा बाजार आहे. भाज्या, चीज, ब्रेड, तयार जेवण, सगळं तिथे मिळतं. नोरेब्रो भागात फलाफलची दुकानं खूप, पोटभर आणि परवडणारी. स्मॉरब्रॉड हा इथला दुपारचा खास पदार्थ. राईच्या काळसर ब्रेडच्या तुकड्यावर हेरिंग, कोळंबी, मांस असं रचतात, पण बटाट्याचंही असतं. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, मेयोनेझ, वर तळलेला कांदा नाहीतर पातीचा कांदा. मेयोनेझमध्ये अंडं असतं आणि वर कधी बेकनचा चुरा घालतात, तेवढं विचारून घ्या. सुरी-काट्याने खायचं, हातात उचलून नाही.

पाकिटावर ‘स्व्हिन’ म्हणजे डुक्कर, ‘ओक्स’ म्हणजे गाय-बैल, ‘क्युलिंग’ कोंबडी, ‘फिस्क’ मासा. गोळ्या-जेलीच्या मिठाईत बऱ्याचदा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. नळाचं पाणी उत्तम, बाटली भरून घ्या. बाटलीबंद पेय घेतलंत तर बाटली फेकू नका. किमतीत तिची अनामत धरलेली असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

युरो नेले तर चालतील का? आणि मेट्रोचं तिकीट कसं काढायचं?

डेन्मार्क युरोपीय संघात असला तरी चलन क्रोनच. २०००च्या सार्वमतात लोकांनी युरो नाकारला. एका युरोला साधारण साडेसात क्रोन हा दर जवळपास स्थिर असतो. रोख फारशी लागत नाही, कार्ड सगळीकडे चालतं. हजार क्रोनच्या नोटा २०२५मध्ये बाद झाल्या, कोणी जुनी नोट देऊ केली तर घेऊ नका. टिप द्यावीच लागते असं नाही, बिलात सेवा धरलेली असते.

मेट्रो विनाचालक आहे, रात्रभर चालते. विमानतळावरून शहरात यायला पाव तास. फाटक नसतं म्हणून तिकीट न काढता चढू नका, तपासनीस येतात आणि दंड जबर आहे. बारा वर्षांखालची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट. यंत्रावर झोन विचारतात. विमानतळ ते मध्यवर्ती भाग तीन झोन, शहरातल्या शहरात दोन.

मुलं आठ आणि पाच वर्षांची. टिव्होलीला एवढे पैसे घालावेत का?

संध्याकाळी जाणार असाल तर जरूर. १८४३पासून चालू असलेली ही बाग स्टेशनच्या समोरच आहे. प्रवेश वेगळा आणि पाळण्यांचे पैसे वेगळे, हे आधी हिशेबात धरा. हंगामांच्या मधल्या काळात ती बंद असते, तारखा बघून घ्या. १९१४चा लाकडी रोलर कोस्टर अजून आहे आणि त्याच्या गाडीत मधोमध ब्रेक लावणारा माणूस बसलेला असतो. मुलांना त्या माणसाचंच जास्त अप्रूप वाटतं. दिवेलागणीनंतर बाग खरी खुलते. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउट असताना वरून विमानाला उजेड दिसू नये असे दिवे हेनिंगसेन यांनीच इथे करून दिले होते, म्हणून बाग रात्री उघडी राहू शकली.

दुसऱ्या दिवशी फेलेडपार्कमधल्या मनोऱ्यांच्या खेळाच्या मैदानात न्या. शहरातले प्रसिद्ध मनोरे तिथे लहान करून मुलांना चढायला ठेवलेत. फुकट.

डिसेंबरमध्ये स्वस्त तिकीट मिळतंय. येऊ का?

सूर्य पावणेचारच्या आत मावळतो आणि वारा बोचरा असतो. मेणबत्त्या, बाजार, टिव्होलीची रोषणाई आवडत असेल तर या. सायकल, बंदर, बागा हव्या असतील तर मे-जूनसाठी थांबा. जूनअखेर रात्री दहापर्यंत उजेड असतो.

तामिळनाडूतल्या तरंगमबाडीला डॅनिश किल्ला पाहिला होता. त्याचा धागा कोपनहेगनमध्ये कुठे सापडेल?

क्रिस्टियान्सहाउन या कालव्याकाठच्या भागात या. ज्या चौथ्या क्रिस्टियानने गोल मनोरा बांधला, त्याच्याच काळात डॅनिश जहाजं १६२०मध्ये तंजावरच्या नायक राजाच्या मुलखात पोचली आणि तरंगमबाडीचं ठाणं झालं. बंगालमधलं श्रीरामपूरही १७५५पासून डॅनिशांकडे होतं. १८४५मध्ये दोन्ही इंग्रजांना विकली. तिथल्या स्ट्रान्गेडे या रस्त्यावर पूर्वेकडे व्यापार करणाऱ्या एशियाटिक कंपनीची जुनी इमारत उभी आहे. तिच्यासमोर उभं राहून मला नेहमी कापडाच्या गाठी आणि मिरीची पोती आठवतात. ही संपत्ती कुठून आली ते इथे फिरताना विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

कालव्यापलीकडे त्याच राजाने बांधलेलं बोर्सन, म्हणजे जुना शेअर बाजार. चार ड्रॅगनच्या शेपट्या पिळून केलेला त्याचा कळस १६ एप्रिल २०२४च्या आगीत कोसळला. आत आग असताना कर्मचाऱ्यांबरोबर रस्त्यावरच्या लोकांनीही मोठमोठी तैलचित्रं उचलून बाहेर काढली. ती इमारत पुन्हा बांधताहेत.

आठवण म्हणून काय आणावं? जलपरीच्या किल्लीसाखळ्या नकोत.

रॉयल कोपनहेगनची निळ्या नक्षीची एखादी बशी. हा कारखाना १७७५चा. नवी महाग पडते, म्हणून जुन्या वस्तूंच्या दुकानांत किंवा उन्हाळ्यात फ्रेडरिक्सबेयर्गच्या नगरभवनामागे शनिवारी भरणाऱ्या बाजारात शोधा. बशी उलटी करा. मागे तीन नागमोडी रेघा असतात. त्यांच्यावर आडवा ओरखडा दिसला तर ती कारखान्यानेच दुय्यम ठरवलेली आहे, त्या मानाने किंमत कमी करून मागा. दोष बहुधा शोधूनही सापडत नाही. कड बोटाने चाचपून घ्या, टवका उडालेला असेल तर घेऊ नका. आणि विमानात ती बॅगेत न टाकता हातात ठेवा.